गोझोचा किनारा चार दिवसांत: वारा बघून ठरवायची पायपीट

माल्टाच्या सहलीत गोझोच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच दिवस येतो. सकाळी दहाची फेरीबोट, पश्चिम किनाऱ्यावरच्या द्वेयराला तासभर, किल्ल्यात जेवण, लाल वाळूवर फोटो, आणि संध्याकाळी परतीच्या बोटीच्या रांगेत. यात गोझो बघून होतं, गोझोचा किनारा मात्र राहूनच जातो. हे बेट जेमतेम १४ किमी लांब आणि ७ किमी रुंद आहे, म्हणजे लांबी चर्चगेट ते वांद्रे एवढीच. पण किनाऱ्याच्या कडेने पूर्ण फेरी मारायची तर पाऊलवाट ५० किमीच्या आसपास भरते. चार दिवसांत तिचा उत्तम भाग पायाखालून जातो. त्यासाठी मुक्काम गोझोवर हवा, आणि कुठला भाग कोणत्या दिवशी हे आधीपासून पक्कं करून चालत नाही. ते रोज सकाळी वारा ठरवतो.

हा लेख पायी आणि बसने फिरणाऱ्यांसाठी आहे. गाडी घेणाऱ्यांसाठी चार ओळी पुढे आहेत.

आधी नावांचा घोळ मिटवा

गोझोवर पहिली चूक बहुधा नकाशातच होते. तीच तीच गावांची नावं माल्टा आणि गोझो या दोन्ही बेटांवर आहेत. इम्जार हे माल्टा बेटावरचं एक आतलं गाव आहे आणि गोझोचं बंदरही इम्जारच. रबात माल्टावर आहे आणि गोझोची राजधानी व्हिक्टोरिया हिलाही स्थानिक लोक रबातच म्हणतात. झेब्बूजही दोन आहेत. हॉटेल शोधताना किंवा टॅक्सी बोलावताना नावापुढे ‘गोझो’ लिहिलंय का ते बघा. नाहीतर खोली समुद्राच्या पलीकडची निघते.

दुसरी अडचण उच्चारांची. माल्टी भाषा मूळची अरबीच्या कुळातली, पण लिपी रोमन. पाटीवर एक्स दिसला तर ‘श’ म्हणा. जे म्हणजे ‘य’. क्यू हा उच्चार घशात गिळतात. जी आणि आडवी रेघ मारलेला एच शेजारी आले तर ते जवळजवळ मुकेच असतात. त्यामुळे एक्सने सुरू होणारं बसवरचं नाव ‘श्लेंडी’ असतं. बंदरावर गोझोचं माल्टी नाव वाचायला अवघड वाटलं तरी ते नुसतं ‘आवदेश’ आहे. ‘वीद’ म्हणजे दरी, अरबीतल्या ‘वादी’चाच भाऊ. ‘रामला’ म्हणजे वाळू. एवढ्यावर किनाऱ्यावरच्या निम्म्या पाट्या उलगडतात.

कधी जायचं

एप्रिलचा मध्य ते मेअखेर, किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. चालणं हा मुख्य हेतू असेल तर एप्रिल-मे घ्या: बेट हिरवं असतं, कड्यांवर रानफुलं असतात. पण समुद्र तेव्हा गार असतो, कारण हिवाळ्याच्या शेवटी पाणी १५-१६ अंशांपर्यंत उतरतं आणि सावकाश तापतं. पोहणंही हवं असेल तर ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये २६-२७ अंशांवर गेलेलं पाणी तेव्हाही कोमट असतं. मात्र ऑक्टोबरपासून वादळी सरी सुरू होतात आणि दिवस आखूड होतो. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाच्या आतच सूर्य बुडतो, जूनमध्ये आठ वाजून गेल्यावर.

जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर चालायचा बेत करू नका. सावलीला झाड नाही, दगड तापतो आणि वाटेत पाण्याचा नळ नाही. त्यातही १५ ऑगस्टच्या आसपास सांता मारियाच्या सणाला अख्खं माल्टा गोझोवर लोटतं. बोटीच्या रांगेत तास जातात.

पोचणं

भारतातून थेट विमान नाही. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे जाणं सोयीचं. माल्टा शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण ४५ पर्यंत ताणू शकतो, म्हणून दोन महिने हाताशी ठेवा. विम्याचा कागद व्हिसापुरता समजून घरी ठेवू नका, इथल्या खडकांवर पाय मुरगळणं सोपं आहे.

विमानतळावरून गोझोला जायचे दोन रस्ते आहेत. पहिला: एक्स-वन बसने माल्टा बेटावरच्या चिरकेवा बंदराला जा, तिथून मोटारी वाहणारी मोठी फेरी, साधारण २५ मिनिटं. बसला तासाहून बराच जास्त वेळ लागतो. दुसरा: व्हॅलेटाहून वेगवान प्रवासी बोट, पाऊण तास. सामान कमी असेल आणि व्हॅलेटात एखादी रात्र काढणार असाल तर दुसरा बरा. पण वारा चढला की आधी रद्द होते ती ही वेगवान बोट. मोठी फेरी बराच वेळ तग धरते आणि रात्रीही चालते.

मोठ्या फेरीची एक गंमत नवख्याला गोंधळात पाडते: जाताना तिकीटच नाही. चिरकेवाला सरळ आत जाऊन बसायचं. पैसे परतताना इम्जारला घेतात, कारण बेटावर गेलेला माणूस कधीतरी परत येणारच. पायी प्रवाशाला ४ युरो ६५ सेंट. म्हणून मोठ्या फेरीने जाऊन वेगवान बोटीने परतलात, तर मोठ्या फेरीचे पैसे द्यावेच लागत नाहीत.

मुक्काम कुठे

पायी-बसवाल्यांनी व्हिक्टोरियातच राहावं. गोझोच्या जवळजवळ सगळ्या बस तिथून सुटतात आणि तिथेच परत येतात. नैर्ऋत्येच्या श्लेंडी गावात राहून उत्तरेच्या मार्सालफोर्नला जायचं तरी व्हिक्टोरियात गाडी बदलावी लागते. बऱ्याच मार्गांवर तासाला एकच बस आहे. एक चुकली की दोन चुकतात. श्लेंडी किंवा मार्सालफोर्नला खिडकीतून समुद्र दिसतो हे खरं, पण रोजचा तासभर बसथांब्यावर जातो. व्हिक्टोरियाहून श्लेंडी ३ किमी आणि मार्सालफोर्न ४ किमी आहे. बस चुकली तर चालत जाता येतं.

दोन तास चालणारं बसचं तिकीट अडीच युरोच्या आसपास आहे. सात दिवसांचं एक्सप्लोर कार्ड सुमारे २५ युरोंना मिळतं. रोज तीन-चार बस घेणाऱ्याने कार्डच घ्यावं. इम्जारहून व्हिक्टोरियाला ३०१ आणि ३०३, मार्सालफोर्नला ३१०, श्लेंडीला ३०६, द्वेयराला ३११. क्रमांक अधूनमधून बदलतात, म्हणून आदल्या रात्री ॲपवर बघा. थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही, आणि भरलेली असेल तर हात दाखवूनही थांबत नाही. इथल्या रहिवाशांना बसप्रवास मोफत आहे, त्यामुळे सकाळी गर्दी असते.

गाडी घ्यायची तर सोय अशी की माल्टात आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. १९६४ पर्यंत ब्रिटिश होते, त्याचा हा वारसा. त्याच वारशातून विजेचं तीन चपट्या पिनांचं सॉकेटही आलंय. आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही, ॲडॉप्टर घ्या. भाड्याच्या गाडीसाठी निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. कंपन्या तो मागतात.

आरटीओवरून आठवलं. गोझोच्या कड्यांवर दगडांवर, भिंतींवर रंगाने आरटीओ ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिलेली दिसतील. त्याचा अर्थ ‘जागा मालकासाठी राखीव’ असा, आणि बहुतेक ती पक्षी मारणाऱ्या शिकाऱ्यांची खूण असते. अशा ठिकाणी दगडी खोपटी दिसते. मळलेली पाऊलवाट शेजारून जात असेल तर तिने शांतपणे जा. खोपटीच्या आत किंवा जाळ्यांजवळ जाऊ नका आणि वाद घालू नका. शिकारीच्या मोसमात पहाटेपेक्षा उशिरा सकाळी निघणं बरं.

वारा कसा वाचायचा

खरी किल्ली इथे आहे. गोझोच्या प्रत्येक बाजूला समुद्र वेगळ्या दिवशी शांत असतो. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू त्या दिवशी चालायला आणि बघायला. पोहायला नेहमी तिच्या विरुद्धची बाजू. आपल्याकडच्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांसारखंच इथेही नाव वारा जिथून येतो त्यावरून पडतं. हवामानाच्या ॲपवरचा बाण मात्र वारा जिकडे जातो तिकडे टोक करतो. बाण उलटा वाचल्याने पोहायला नेमक्या खवळलेल्या बाजूला जाऊन पोचणारे कमी नाहीत.

तीन वारे लक्षात ठेवा. वायव्येचा माजिस्त्राल सर्वांत जास्त वाहतो. तो असला की उत्तर किनारा, म्हणजे मार्सालफोर्न, श्वेयनी, रामला, आणि पश्चिमेचं द्वेयरा खवळतं. पोहायला मग दक्षिणेला इम्जार इश-शीनी किंवा आग्नेयेला होंडोक. ईशान्येचा ग्रिगाल सुटला की रामला आणि सान ब्लास सोडा, श्लेंडी किंवा द्वेयरा गाठा. आग्नेयेचा तिसरा वारा म्हणजे श्लोक्क. मराठी कानाला नाव पवित्र वाटेल, पण हा सहाराकडून येणारा दमट, उष्ण आणि धुळकट वारा आहे. त्यात चालताना घाम वाळत नाही आणि दूरचं काही दिसत नाही. त्या दिवशी होंडोक आणि इम्जार इश-शीनी गढूळ होतात, उत्तर किनारा शांत राहतो. चालणं अर्ध्यावर आणा.

रोज सकाळी तीनच गोष्टी बघा: दिशा, वेग आणि काल काय होतं. वेग १५ नॉटच्या (ताशी सुमारे २८ किमी) वर आणि वारा समोरून असेल तर खडकावरून पाण्यात उतरायचंच नाही. उतरता येतं, चढता येत नाही: लाट माणसाला वर उचलते आणि शिडीवर किंवा धारदार कडेवर आपटते. आणि कालचा वारा आज पडला म्हणून समुद्र पडला असं नसतं. जुनी लाट एखादा दिवस येतच राहते. आकाश निळं, पानही हलत नाही आणि तरी दर पाच-सात मिनिटांनी एक मोठी लाट खडकावर चढते, असे दिवस सर्वांत फसवे. पाण्याजवळ सामान ठेवण्यापूर्वी दहा मिनिटं उभं राहून बघा. खडक कुठवर ओला आहे, तिथवर लाट येते.

भाग पहिला: इम्जार ते इम्जार इश-शीनी

पोचल्या दिवशी दुपारी, सामान टाकल्यावर करण्याजोगा हा भाग. सुमारे ४ किमी, दोन तास. बंदरावरून चँब्रे किल्ल्याच्या तटाखाली चढून पश्चिमेकडे वळायचं. पुढे शात ल-आहमार, म्हणजे लाल किनारा. त्याच्यासमोर समुद्राच्या तळाशी तीन बोटी मुद्दाम बुडवून ठेवल्या आहेत: ‘श्लेंडी’ नावाचीच एक १९९९ मध्ये, कारवेला आणि कोमिनोलँड २००६ मध्ये. डुबकी मारणारे इथेच गोळा झालेले दिसतात.

या टप्प्यात निळसर राखाडी चिकणमातीचे उतार लागतात. कोरडी असताना ती भेगाळलेल्या शेतासारखी असते आणि पाय घट्ट बसतो. पाऊस पडून गेल्यावर चोवीस तास तरी तिच्यावर जाऊ नका. बुटाच्या तळाला थर चढत जातो आणि पकड संपते. इम्जार इश-शीनी ही दोन कड्यांमधली चिंचोळी खाडी आहे, तोंडाशी १६६१ चा बुरूज. किनारा गोट्यांचा, अगदी लहान. इथे बस येत नाही. परतताना सान्नात गावापर्यंत चढ चढून बस पकडावी लागते, तो पाऊण तास हिशोबात धरा.

भाग दुसरा: मिठागरांचा किनारा

वाऱ्याचा फारसा विचार न करता कुठल्याही दिवशी जमणारा आणि सर्वांत सोपा. मार्सालफोर्नला बसने उतरा, समुद्र उजव्या हाताला ठेवा आणि पश्चिमेकडे निघा. किब्बायार ओलांडून श्वेयनी दीड किमीवर आहे. तिथे एक एकटा पांढरट सुळका उभा आहे, आणि त्याच्या पुढे मिठागरं सुरू होतात.

वडाळा-भांडुपची किंवा शिरोड्याची मिठागरं पाहिलेल्या माणसाने इथे जरूर थांबावं. आपली मिठागरं मातीची, बांध घालून केलेली, भरतीचं पाणी आत घेणारी. इथे माती नाहीच. पिवळसर, साबणासारखा मऊ चुनखडक आहे आणि त्यात कुदळीने चौकोनी ताटं कोरली आहेत, शेकडो, एकमेकांना चिकटून, गुडघ्याच्याही खाली खोल. साधारण साडेतीनशे वर्षांचं हे काम. समुद्राचं पाणी आधी मोठ्या हौदांत तापत ठेवतात, मग दाट झालेलं पाणी लहान ताटांत सोडतात. मे ते सप्टेंबरच्या उन्हावाऱ्यात आठवडाभरात तळाशी मीठ धरतं. ते झाडूने लोटून ढीग करतात, निथळायला ठेवतात आणि खडकातच खोदलेल्या खोलीत साठवतात. मध्येच पाऊस आला तर त्या खेपेचं मीठ गेलं.

जवळून बघायचं तर सकाळी लवकर वाका: ताटाच्या कडेला पाण्याच्या रेषेवर आधी पापुद्रा धरतो, सायीसारखा, आणि नुसत्या फुंकरीने थरथरतो. ताटात पाय मात्र ठेवू नका. कडा ठिसूळ आहेत, बुटाची माती मिठात मिसळते आणि हे कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे. चालायचं ते कडेच्या रस्त्यानेच. कोरलेल्या खोलीच्या दाराशी मिठाच्या पिशव्या विकायला असतात, सुटे युरो जवळ ठेवा. मीठ घरी न्यायचं तर चेक-इन बॅगेत टाका.

मिठागरं संपली की रस्ता चढतो आणि वीद इल-आस्री येते. कड्यांच्या भेगेत शिरलेली समुद्राची अरुंद गल्ली, खाली मूठभर गोट्यांचा किनारा, उतरायला खडकात कोरलेल्या शंभरेक पायऱ्या. शांत दिवशी इथलं पोहणं बेटावर सर्वांत सुंदर. उत्तरेकडून लाट असेल तर खाली उतरूच नका. तोंडाशी लहान दिसणारी लाट गल्लीत शिरून दाबली जाते आणि आत भिंतींमध्ये दुप्पट होऊन आपटते, बाहेर पोहून जायला वाटच राहत नाही.

अजून दम असेल तर पुढे वीद इल-मीलाहची कमान. द्वेयराची ‘निळी खिडकी’ ही प्रसिद्ध कमान कोसळल्यापासून लोक हिच्याकडे वळले आहेत. आकाराने लहान, पण उभी आहे. कमानीवर चढू नका. मार्सालफोर्नपासून इथवर ६ ते ७ किमी होतात. तिथून आर्ब गावात चढून बस घ्या.

भाग तिसरा: द्वेयरा ते श्लेंडी

हा गोझोच्या किनाऱ्याचा गाभा. एकच दिवस चालणार असाल तर हाच चाला. अंतर सुमारे ६ किमी, पण तीन तास धरा, द्वेयरातले दोन तास वेगळे. दिशा द्वेयराहून श्लेंडीकडेच ठेवा: शेवटी पोहायला खाडी आणि परतायला उशिरापर्यंत बस मिळते. उलट आलात तर संध्याकाळी द्वेयराच्या तुरळक बसची वाट बघत बसाल.

द्वेयराला आता ‘निळी खिडकी’ नाही. ती नैसर्गिक कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. जुन्या फोटोंच्या जाहिराती अजून फिरतात, म्हणून हे सांगावं लागतं. पण द्वेयरा त्या कमानीसाठी कधीच नव्हतं. लाखो वर्षांपूर्वी इथे जमिनीखालच्या प्रचंड गुहांची छतं खचली आणि गोल खड्डे पडले. आज जी गोल खाडी आणि आतला समुद्र दिसतो ते त्या खड्ड्यांचेच अवशेष. आतला समुद्र म्हणजे कड्यातल्या बोगद्याने बाहेरच्या समुद्राशी जोडलेलं खाऱ्या पाण्याचं तळं. छोट्या होड्या पंधरा मिनिटांची फेरी मारून आणतात, माणशी ५ युरोंच्या आसपास. बोगदा बंद असेल तर समजा की पलीकडे लाट मोठी आहे, आणि बाहेरच्या खडकांवर पोहण्याचा विचार सोडा.

होडीवाल्यांकडून परतताना पायाखाली बघा. खडकात बशीएवढ्या गोल चकत्या रुतलेल्या दिसतील, काहींवर पाच पाकळ्यांचं फूल उमटलेलं. त्या समुद्री प्राण्यांच्या जीवाश्म कवच्या आहेत. लोक त्यांच्यावर उभे राहून समोरचा फोटो काढतात.

समोरच्या उभ्या खडकाला फंगस रॉक म्हणतात. त्यावर वाढणारी लालसर वनस्पती बुरशी नव्हेच, दुसऱ्या झाडांच्या मुळांवर जगणारं फुलझाड आहे. पण ती रक्तस्राव थांबवते अशा समजुतीने माल्टाच्या सरदारांनी खडकावर पहारा बसवला होता. १६५२ चा द्वेयराचा बुरूज तिथून समोरच दिसतो. खडकावर जायला आजही बंदी आहे.

बुरुजाशेजारून वाट दक्षिणेला चढते. गोल खाडीला वळसा घालून कड्याच्या माथ्यावर या. इथून पुढे तीन गोष्टी सांभाळा. कठडा कुठेही नाही आणि कड्याची कड खालून पोखरलेली असते, म्हणून काठापासून निदान तीन मीटर आत चाला. फोटोसाठीही पुढे होऊ नका. दुसरं, वारा जमिनीवरून समुद्राकडे जोरात असेल, म्हणजे पूर्वेचा, तर त्या दिवशी हा भाग टाळा. झोत ढकलतो तो दरीकडे. तिसरं, वाट शेतांच्या दगडी बांधांमध्ये हरवते. समुद्र उजवीकडे ठेवून पुढे जात राहा, बांध ओलांडायचा तर फटीतून, दगड पाडू नका. वाटेत पाणी नाही. माणशी दोन लिटर किमान, मे संपताना तीन.

उतरताना श्लेंडीचा १६५० चा बुरूज आणि त्याच्या पायाशी मिठाची ताटं दिसू लागली की अर्ध्या तासात गावात पोचता. श्लेंडीत पोहायचं तर वाळूच्या टिचभर किनाऱ्यावर नाही, उजव्या कड्याच्या पायवाटेने पुढे जाऊन शिडीवरून. पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची लाट असेल तर इथेही नाही.

पुन्हा एखादी मोकळी संध्याकाळ मिळाली तर सान्नातहून ता चेंचच्या कड्यांवर जा. समुद्रापासून सव्वाशे मीटरांहून उंच, सरळ भिंत. वसंतात अंधार पडल्यावर इथे समुद्रपक्ष्यांचं, शिअरवॉटरांचं, लहान मुलाच्या रडण्यासारखं ओरडणं ऐकू येतं. त्यांची घरटी कड्याच्या कपारीत असतात, विजेरीचा झोत खाली टाकू नका.

भाग चौथा: लाल वाळू आणि पूर्वेचा कोपरा

रामला हा गोझोचा सर्वांत मोठा वाळूचा किनारा, तांबूस-केशरी. सकाळी नऊच्या आधी जा, अकरानंतर छत्र्यांची भाऊगर्दी होते. मागचे वाळूचे उंचवटे संरक्षित आहेत, त्यांवर चढू नका. वरच्या ताल-मिश्ता गुहेतून अख्खा किनारा चौकटीत बसल्यासारखा दिसतो, फोटो तिथून. उत्तरेचा वारा असताना रामलाला पाण्याची ओढ आत समुद्रात खेचते. उन्हाळ्यात जीवरक्षक असतात: हिरवा बावटा म्हणजे उतरा, लाल म्हणजे नको, जांभळा म्हणजे जेलीफिश.

रामला ते सान ब्लास २ किमी, चिकणमातीच्या उतारांवरून. सान ब्लास लहान आणि जास्त लाल. तिथून बाहेर पडायचा सिमेंटचा रस्ता इतका खडा आहे की जीपवाले थोडे पैसे घेऊन वर सोडतात. गुडघे दुखत असतील तर संकोच करू नका. पुढे दाहलेत कोरोत, खडकात खोदलेल्या होडीघरांची रंगीत दारं. ही चाल इथेच संपवून नाडुरला चढा, जेवा, आणि दुपारी काला गावातून होंडोकला उतरून पोहा.

नाडुरला जेवायचं म्हणजे फ्तिरा, लाकडाच्या भट्टीतली आंबवलेल्या पिठाची चपटी भाकर. माल्टाच्या फ्तिरा-कलेची नोंद २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत झाली. गोझोत ती पिझ्झासारखी वर बटाटे, चीज घालून भाजतात. शाकाहारी लोकांनी मागतानाच ‘मासा नको’ सांगा, अँचोव्ही आणि ट्यूना न विचारता पडतात. पास्तित्सी, म्हणजे पापुद्र्याच्या करंज्या, रिकोटा चीजच्या किंवा वाटाण्याच्या घ्या, मात्र पापुद्र्यात कधी कधी डुकराची चरबी असते, कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारावं. शेंगदाण्याच्या चटणीची आठवण करून देणारी बिगिल्ला शाकाहारीच, वाटलेल्या कडधान्याची.

जाता जाता लागणाऱ्या गोष्टी

खडक टोकदार आहेत. चालायला घोटा धरणारे बूट आणि पाण्यासाठी रबरी जोडे, दोन्ही हवेत. चपलांनी तळवे फाटतात, शिवाय उथळ पाण्यात समुद्री साळींचे काटे असतात.

जेलीफिश डसली तर नळाचं गोडं पाणी आणि चोळणं, दोन्ही नको: त्वचेवर राहिलेले डंख त्याने फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू कार्डाच्या कडेने खरवडा. इथे नेहमी सापडणाऱ्या जांभळट जातीवर खाण्याचा सोडा आणि समुद्राचं पाणी समप्रमाणात कालवून लेप देतात. व्हिनेगर नाही. सोड्याची पुडी घरूनच न्या. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर ११२. रुग्णालय व्हिक्टोरियातच आहे.

नळाचं पाणी सुरक्षित, पण चव मचूळ. बाटल्या विकत घ्याल तेव्हा प्रत्येकीवर १० सेंट अनामत लागते. रिकामी बाटली चेपू नका, यंत्र चेपलेली घेत नाही.

गोझो आणि माल्टाच्या मधल्या छोट्या कोमिनो बेटाचा ब्लू लगून, म्हणजे तिथली निळी खाडी, जोडायचा की नाही? जुलै-ऑगस्टमध्ये जोडू नका. बाकी मोसमात जायचं तर २०२५ पासून ऑनलाइन वेळ नोंदवावी लागते, मोफत आहे. इम्जारहून पहिली होडी पकडा, पोहून झाल्यावर गर्दी वाढेल तेव्हा १६१८ च्या बुरुजाकडे चालत निघा.

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्रीच माल्टा बेटावर या. वारा चढलेल्या दिवशी फेरी उशिरा सुटते आणि चिरकेवाहून विमानतळाची बस एरवीही दीड तास खाऊ शकते. इम्जारला तिकीट काढलं की फेरीच्या वरच्या डेकवर डावीकडे बसा. कोमिनो आणि त्याचा बुरूज त्या बाजूने जातात.